सोमेश्वरचा धबधबा: कॅमेऱ्यात काय, कॉम्प्युटरवर काय

पावसाळ्यात नाशिकजवळच्या सोमेश्वरला फोटो काढायला जाताय? पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कापणारा फिल्टर) आणि ट्रायपॉड आधी बॅगेत टाका. पोलरायझरची रिंग हळूहळू फिरवली की ओल्या काळ्या खडकावरची चमक डोळ्यांदेखत उतरते, खालचा दगड दिसू लागतो. हे काम सॉफ्टवेअरचं नाही. जो तपशील टिपलाच गेला नाही, तो आणणार कुठून? पाणी दुधाळ हवं तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश ६४ पट कमी करणारी गडद काच) लावा, १/६० सेकंदाचं एक्स्पोजर साधारण १ सेकंदावर जातं. फोकस मात्र त्याआधीच करून घ्या. ब्लॅक अँड व्हाइट, सेपिया वगैरे इफेक्ट कॅमेऱ्यात नकोच; जेपेगमधून गेलेला रंग परत येत नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा, बाकीची हौस घरी चहा घेत भागवा.