जुनं विमान घेताय? इंजिन असं तपासा

धुळे, शिरपूर, जळगावकडे फ्लाईंग ट्रेनिंगची विमानं आता नेहमीचीच झालीत, त्यामुळे जुनं सेसना १७२, म्हणजे चार सीटांचं छोटं विमान, विकायला निघालं की जो तो एकच विचारतो, इंजिनाचे तास किती झाले?

नाही भो, नुसत्या तासांवर जाऊ नका. या विमानात बसणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या ओ-३२० सारख्या इंजिनाचा टीबीओ (म्हणजे पूर्ण खोलून ओव्हरहॉल करायची मुदत) साधारण २००० तास किंवा १२ वर्षं धरतात, पण रोज उडणारं १८०० तासांचं इंजिन मला वर्षभर हँगरात उभ्या असलेल्या ४०० तासांच्या इंजिनापेक्षा भरवशाचं वाटतं. कारण यात कॅमशाफ्ट, म्हणजे टॅपेट ढकलून व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो, विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं ऑइल हळूहळू खाली उतरतं आणि पावसाळ्यात कॅमला गंज धरतो, मग चालू केल्यावर कॅम आणि टॅपेट घासून घासून झिजतात. म्हणून लॉगबुकात आधी गॅप शोधा, म्हणजे विमान किती दिवस न उडता उभं होतं ते बघा. प्रॉपेलर कधी जमिनीला लागला असेल तर त्यानंतर इंजिन खोलून तपासल्याची नोंद पाहिजेच, ती नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतो ते मोजणं. इंजिन गरम असतानाच, आणि लायसन्सवाल्या एएमईकडूनच (विमान देखभालीचा इंजिनियर), कारण सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडली की प्रॉपेलर झटक्यात फिरू शकतो, तो धरायला दुसरा माणूस लागतोच. सगळे सिलिंडर ८० पैकी ७० च्या वर आणि एकमेकांच्या जवळपास आले तर चांगलं. ६० च्या खाली गेला तर सिलिंडर काढायचा विचार करावा लागतो, पण एकाच रीडिंगवर घाई नको, विमान उडवून आणा आणि परत मोजा, पुष्कळदा आकडा सुधारतो. हवा कुठून निघते ते कान देऊन ऐका, एक्झॉस्टमधून फुस्स आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आला तर इनटेक, ऑइल भरायच्या नळीतून आला तर पिस्टनच्या रिंगा.

आकड्यापेक्षा मला बोरस्कोपवर, म्हणजे सिलिंडरच्या आत घालून बघायच्या बारीक कॅमेऱ्यावर, जास्त विश्वास आहे. चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर रंगाची वर्तुळं मधोमध, सगळीकडून सारखी दिसतात. कळण्याची भाकर एका कडेने करपावी तसा एकाच काठाला वेगळा रंग दिसला, की तो व्हॉल्व्ह तिथे नीट बसत नाही, तापतोय, जळायच्या वाटेवर आहे असं समजा. फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी ताडून बघता येतं.

ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उघडून उजेडात बघा. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा, चिकटले तर लोखंड, म्हणजे बहुतेक कॅम, टॅपेट नाहीतर रिंगा. ऑइलचा नमुना लॅबला पाठवायचा तर गरम ऑइल काढताना मधल्या धारेतून घ्या, पहिलं किंवा शेवटचं नको. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये धूळ किती उडते माहीतच आहे, तेव्हा रिपोर्टात सिलिकॉन बघाच, ते वाढत असेल तर एअर फिल्टर किंवा त्याच्या सीलमधून धूळ आत जातेय आणि सिलिंडर खातेय. सीलंटमुळेही कधी वाढतं, म्हणून मागचे दोन-तीन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा.

शेवटी रनअप करून, म्हणजे जमिनीवरच इंजिन जोरात चालवून, मॅग्नेटो ड्रॉप (ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एक बंद केल्यावर फेरे किती कमी होतात) त्या विमानाच्या हँडबुकाशी जुळवा, आणि मालकाला विचारा, किती तासांत एक क्वार्ट (लिटरला थोडं कमी) ऑइल टाकावं लागतं? १६० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला तासाला साधारण अर्धा क्वार्ट ही कमाल मर्यादा आहे, पण खप अचानक वाढलाय का हे त्याहून महत्त्वाचं. ऑइल टाकल्याची वही मागा, तोंडी उत्तरावर ॲडव्हान्स देऊ नका.