मायक्रोमीटरचा शून्य जुळवण्याआधी

मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं मोजायचं साधन, पूर्ण मिटवल्यावर शून्याच्या रेघा जुळल्या नाहीत, की हात लगेच जुळवणीच्या चावीकडे, स्पॅनरकडे जातो. जरा थांबा. पुष्कळदा दोष साधनात नसतो. मध्ये बारीक कण अडकलेला असतो, हाताची ऊब लागलेली असते किंवा दाब जास्त पडलेला असतो.

१. अ‍ॅनव्हिल (स्थिर टोक) आणि स्पिंडल (पुढे-मागे सरकणारा दांडा) यांच्या टोकांमध्ये स्वच्छ, पातळ कागद अलगद धरून ओढून काढा. मग धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही टोकं पुसा.

२. मायक्रोमीटर आणि मोजायची वस्तू एकाच जागी शेजारी ठेवून निवू द्या. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. १०० मिमी लांबीचं पोलाद १० अंशांनी तापलं, तर साधारण ०.०११ मिमी वाढतं, म्हणजे थिंबलवरच्या (हाताने फिरवायच्या नळीवरच्या) ०.०१ मिमीच्या एका भागाहूनही जास्त! म्हणूनच फ्रेमवर (साधनाच्या कमानीवर) उष्णतारोधक पट्टी असते; पकड तिथेच हवी.

३. थिंबल पिळून आवळू नका. टोकाची छोटी मूठ, म्हणजे दाब मर्यादित ठेवणारं रॅचेट, सावकाश फिरवा आणि दोन-तीन वेळा टिकटिक झाली की थांबा. रेघ अगदी समोरून वाचा. हेच तीन-चार वेळा करा. दर वेळी वेगळा आकडा आला, तर जुळवण्यात काही अर्थ नाही. पुन्हा स्वच्छतेपासून सुरुवात करा.

४. दर वेळी तोच फरक दिसला, तरच स्पिंडल लॉक करा, स्पॅनरचं वळलेलं टोक स्लीव्हच्या (थिंबलखालच्या स्थिर नळीच्या) छिद्रात अडकवा आणि स्लीव्ह किंचित फिरवा. लॉक सोडून पुन्हा तपासा. फरक मोठा असेल तर थिंबलच सैल करावी लागते. ती पद्धत साधनासोबतच्या पुस्तिकेत पाहा.

५. शून्य जुळला म्हणजे आतला सगळा स्क्रू बरोबर, असं नाही. स्लिप गेज (ठरावीक मापाचे अचूक ठोकळे) लावून मधली मापंही पाहा, पण ५, १०, १५ अशी नकोत. स्क्रूच्या एका फेऱ्यात स्पिंडल ०.५ मिमी सरकतं, त्यामुळे या मापांना थिंबल दर वेळी त्याच जागी येते आणि फेऱ्यातल्या इतर जागांची चूक लपते. ५.१, १०.३, २०.२ अशी मापं घ्या.

ठेवताना टोकांमध्ये थोडी फट राहू द्या, लॉक सैल ठेवा आणि पातळ तेलाचा हात फिरवा.

शून्य बरोबर असूनही मधलंच माप चुकत असेल, तर स्क्रू झिजलेला असू शकतो. स्लीव्ह फिरवून ते सुधारत नाही. असा मायक्रोमीटर कॅलिब्रेशनच्या (मापांची अचूकता तपासणाऱ्या) प्रयोगशाळेत द्या आणि तोवर कामातून बाजूला ठेवा.