डॅश दिसला म्हणून लेखावर शिक्का मारू नका

दिवाळी अंकाचं काम सुरू झालं की हल्ली हे ऐकावंच लागतं: ‘यात लांब डॅश आहेत, म्हणजे चॅटजीपीटीनं लिहिलंय.’ वीट आलाय याचा. मराठीत विरामचिन्हं रुजवली मेजर थॉमस कँडींनी, एकोणिसाव्या शतकात. डॅशला शाळेच्या व्याकरणात अपसारणचिन्ह म्हणतात आणि परीक्षेत त्यावर मार्क असतात. ते शिकलेला माणूस वापरणारच!

एका निवृत्त शिक्षिकेचा गावच्या विहिरींवरचा लेख आमच्याकडे आला होता. नव्या सहकाऱ्यानं पहिलं पानही धड न वाचता तो ‘नको’च्या गठ्ठ्यात टाकला. मी बाईंना फोन केला. त्यांनी हस्तलिखिताचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले: फुलस्केप, निळी शाई, भरपूर खाडाखोड आणि वाक्य तुटेल तिथे पेनानं ओढलेली रेघ. टाइप करून देणाऱ्या भाच्यानं त्या जागी दोन हायफन मारले, वर्डनं ते आपोआप जोडून लांब डॅश केला. लेख छापला. पण फोन केला नसता तर बाई कायमच्या दुखावल्या असत्या.

म्हणून माझी सवय एकच. शंका आली की लेखकाला मजकुरातलंच काहीतरी विचारायचं: मोट कुठल्या विहिरीवर होती, गाळ कोण काढायचं? ज्यानं लिहिलंय तो थांबत नाही. याला वेळ लागतो, आणि नव्या मंडळींना नेमका तोच द्यायचा नसतो. त्यांना ‘एआय ओळखणारी’ साइट हवी असते. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये बंद केलं, हे त्यांना सांगूनही पटत नाही.

लेखकांनो, संशय नको म्हणून सगळे डॅश एका झटक्यात स्वल्पविरामात बदलू नका. ‘मी गेलो होतो, पण—’ याचं ‘मी गेलो होतो, पण,’ झालेलं मी पाहिलंय. वाक्याचा जीवच गेला. बदलायचंच असेल तर एकेक वाक्य मोठ्यानं वाचून बदला.

‘स्वतः’मधल्या विसर्गाच्या जागी कोलन (:) टाइप करू नका, कॉम्प्युटरवर शोधताना शब्द सापडत नाही. आणि कोलन दिसला म्हणून ‘हे नक्की माणसानंच लिहिलंय’ असंही ठरवू नका.

हिंदीतला उभा दंड (।) मराठी गद्यात नको. तीन-तीन उद्गारचिन्हं तर मी न विचारता काढतो.