चक्रीवादळाचा इशारा आला? वाऱ्यासोबत भरतीही बघा

समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंशांच्या वर तापलं की दमट हवा वर चढत राहते, खाली दाब उतरतो आणि भोवतालचा वारा गोल फिरत आत धावतो. त्याने ताशी 62 किलोमीटर गाठले की हवामान खातं त्याला चक्रीवादळ म्हणतं. पण ही वर्गवारी निव्वळ वाऱ्याची. घरात पाणी शिरेल का, हे त्यावरून कळत नाही.

कोकणात खाडीकाठी राहत असाल तर पावसाचा अंदाज आणि भरतीची वेळ शेजारी-शेजारी लिहून काढा. 200 मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 चौरस मीटर छपरावरून 20 हजार लिटर पाणी. ओहोटीला ते पऱ्ह्यातून, म्हणजे लहान ओढ्यातून, खाडीत उतरतं. भरती चढली की तिथेच तुंबून मागे फुगतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा जास्तच. 'निसर्ग' चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती.

वादळ कुठे धडकणार, तेही बघा. आपल्या किनाऱ्यावर त्या जागेच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून येतो आणि लाटा आत ढकलतो. धोका त्या बाजूला अधिक.

आदल्या दिवशी पऱ्ह्यातला पालापाचोळा काढा. छपरावरची प्लास्टिकची टाकी काठोकाठ भरा, रिकामी असली तर उडते. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून तो उभा बांधा, नाहीतर पुरात तरंगतो. पाणी पायरीला लागण्याआधी, हात कोरडे असतानाच मेन स्विच बंद करा. वारा अचानक पडला तरी बाहेर पडू नका: तो वादळाचा डोळा असू शकतो, मग वारा उलट दिशेने तितक्याच जोरात येतो.

पूर ओसरल्यावर सगळ्यात दुर्लक्ष होतं ते विहिरीकडे, आणि जुलाब-कावीळ तिथूनच पसरते. आधी गढूळ पाणी उपसा. मग व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × 785 करा, तेवढे लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते. 2 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 31 ग्रॅम. उघडी राहिलेली जुनी पावडर निकामी असते. बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळा. तासाभराने क्लोरीनचा वास आला नाही, तर पुन्हा तेवढीच मात्रा द्या. विहिरीत खारं पाणी शिरलं असेल तर मात्र पावडरने भागत नाही, गोडं पाणी लागेपर्यंत उपसतच राहावं लागतं.