रिव्हेट मारायला घेण्याआधी

गॅरेजमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं किट विमान बांधायचं असेल तर शेपटापासून सुरू करा. तिथे एखादा पत्रा बिघडला तर नवा मागवता येतो. पंखाचा स्पार, म्हणजे त्याचा मुख्य कणा, बिघडला तर खिशाला भोक.

छिद्र पाडलं की कडेची बर, म्हणजे उरलेली धातूची खरखरीत धार, काढायची, पण ड्रिल हाताने एक-दोनदा फिरवलं की पुरे. नवखे लोक जोशात छिद्राला वाटीचा आकार देतात आणि पातळ पत्रा कमजोर करतात.

खरी परीक्षा रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीची. 3/32 इंची रिव्हेट ठोकल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच, म्हणजे साधारण 3.6 आणि 1.2 मिलिमीटर हवं. गेज लावून बघा, डोळ्यांवर जाऊ नका. रिव्हेट ठोकायची गन माझ्या हातात असते, पत्र्यामागे बकिंग बार, म्हणजे आधाराचा जड धातूचा ठोकळा, धरून बायको. ती "हं" म्हणेपर्यंत ट्रिगर दाबायचा नाही, हा आमच्याकडचा कायदा. (भांडणं तरीही होतात.)

वाकडा बसलेला रिव्हेट काढताना फक्त पुढच्या डोक्यापुरतंच ड्रिल करा, डोकं पंचने उडवा, उरलेला दांडा मागून आधार देऊन हलकेच ठोकून काढा. आरपार ड्रिल केलंत तर छिद्र मोठं होतं. थोडासाच कललेला आणि मापात बसणारा रिव्हेट मात्र सरळ सोडून द्या. तो काढण्याच्या नादातच जास्त पत्रे खराब होतात.

आणि रोजच्या कामाचे फोटो तारखेसकट ठेवा. अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनीच केलंय हे एफएएला, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाला, दाखवावं लागतं.