गुलाबाची ऑक्टोबर छाटणी: कापलेला दांडा उघडा ठेवू नका

हस्त सरून चित्रा नक्षत्र लागलं की घरोघरी सिकेटर (छाटणीच्या कात्र्या) बाहेर निघतात. यंदा घाई करू नका. आभाळ भरलेलं असेल, समुद्रात कमी दाबाचा पट्टा असल्याची बातमी असेल, तर छाटणी आठ दिवस पुढे गेली तरी चालेल. ओल्या हवेत कापलेला आणि तसाच उघडा सोडलेला दांडा म्हणजे शेंडेमर रोगाला दिलेलं आमंत्रण. लांब दांड्याच्या गुलाबाची हौस बहुतेक बागांत इथेच संपते, आणि दोष मात्र कलमाला, मातीला नाहीतर नर्सरीवाल्याला दिला जातो.

रोगाची बुरशी कापाच्या जखमेतून आत शिरते. टोक आधी तपकिरी, मग काळं पडतं आणि काळेपणा दांड्यातून खाली सरकत जातो. वेळीच थांबवला नाही तर तो डोळा भरलेल्या जागेपर्यंत, म्हणजे जंगली खुंटावर कलम जोडलेल्या जागेपर्यंत पोचतो आणि मूळ कलम मरतं. मग खालच्या जंगली खुंटातून जोमदार हिरवे फुटवे येतात. झाड सावरलं म्हणून घरचे खूश होतात, पण त्याला तुमचं ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाचं फूल कधीच येणार नाही. कलमाच्या जोडाखालून आलेला फुटवा माती उकरून बुडाशी ओढून उपटा. नुसता कापलात तर एकाचे चार होतात.

छाटणीआधीची कामं:
– जमिनीतल्या झाडांचं पाणी आठ दिवस तोडा. कुंडीत तीन-चार दिवस पुरे.
– तण काढा, गळलेली पानं वेचून जाळा.
– सिकेटरला धार लावा, स्पिरिटने पुसा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा पुसा.

झाडावर पेन्सिलीएवढे किंवा त्याहून जाड, निरोगी, चार ते पाच दांडे ठेवा. बारीक, आत वळलेल्या आणि वाळलेल्या फांद्या बुडापासून काढा. ठेवलेले दांडे जमिनीपासून 30 ते 45 सेंमीवर कापा. जाड दांड्यातूनच लांब दांडा फुटतो, काडीतून काडीच येते. म्हणून इथे जीव खालीवर करून घेऊ नका. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (दांड्यावरच्या कोंबाच्या) वर अर्धा सेंमी, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता. डोळ्यावर बोटभर खुंटी ठेवलीत तर ती वाळते आणि शेंडेमर तिथूनच सुरू होतो. अगदी डोळ्याला चिकटून कापलंत तर डोळाच सुकतो.

प्रत्येक काप नीट बघा. आतला गर पांढरा हवा. तपकिरी दिसला तर आणखी खाली कापा, पांढरा लागेपर्यंत, मग दांडा वीतभर राहिला तरी चालेल.

आता लेप. तो त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत लावायचा. बोर्डो पेस्ट घरी करता येते: 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. चुना निवला की दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळा. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी आणखी घाला. दहा-बारा झाडांना याचा पाव भाग पुरतो. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा, उरलेली उद्या कामाची नाही. हे जमत नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड पाण्यात दाट कालवून ब्रशने लावा. मुलांच्या हाती यातलं काही लागू देऊ नका.

हळदीचा लेप काही जण लावतात. कोरड्या हवेत चालून जातो, पण दोन पहाटेंच्या दवाने धुपतो. एकट्या हळदीवर विसंबू नका. आणि दुकानदार छाटणीच्या मोसमात पुढे करतो त्या ‘फुटवा वाढवणाऱ्या’ टॉनिकच्या बाटल्या राहू द्या. फुटवा जाड दांड्यातल्या साठ्यावर आणि मुळांवर येतो. त्या बाटलीच्या पैशात मोरचूद दोन-तीन वर्षं पुरेल.

लेप वाळल्यावर संपूर्ण झाडावर कॉपर ऑक्सिक्लोराईड, 3 ग्रॅम प्रति लिटर, फवारा. छाटलेल्या काड्या कंपोस्टमध्ये टाकू नका, जाळा. आठव्या आणि पंधराव्या दिवशी प्रत्येक टोक तपासा. काळं सरकताना दिसलं तर काळ्या भागाच्या खाली 5 ते 7 सेंमी निरोगी दांड्यात कापा, गर बघा, पुन्हा लेप. पाऊस पडून गेला असेल तर पंधराव्या दिवसाची वाट पाहू नका, दुसऱ्याच दिवशी बघा. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर आधी चर काढा. कुजक्या मुळांवरच्या दांड्याला लेपही वाचवत नाही.

पुढची नेहमीची कामं:
– प्रति झाड शेणखत 5 किलो, निंबोळी पेंड 100 ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट 50 ग्रॅम. कुंडीला निम्मं किंवा कमी.
– बाजूच्या कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतानाच खुडा, मधली एकच ठेवा.
– मावा, फुलकिडे: निंबोळी अर्क 5 टक्के, संध्याकाळी.
– भुरी: पाण्यात मिसळणारं गंधक 80 टक्के, 2 ग्रॅम प्रति लिटर, कडक उन्हात नको.
– दांड्यावर खवले कीड दिसली तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या खरखरीत फडक्याने घासून काढा.

चित्रात छाटलेल्या झाडाला 45 ते 50 दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फूल येतं. उघड्या बागेत 45 ते 60 सेंमीचा दांडा मिळाला तर उत्तम. पुष्पगुच्छातले त्याहून लांब दांडे तळेगाव-मावळकडच्या पॉलिहाऊसमधले असतात, त्यांच्याशी बरोबरी नको. फूल पहाटे, कळी घट्ट असताना काढा आणि खाली पाच-पाच पर्णिकांची (छोट्या पानांची) दोन पानं झाडावर राहतील असं कापा. काप पेन्सिलीहून जाड असेल तर तिथेही लेपाचं बोट फिरवा.