अपडेट येत नाहीये? आधी ते कुणी अडवलंय ते शोधा

आमच्या घरात एकाच मॉडेलचे दोन सॅमसंग आहेत, रंगसुद्धा सेम, फक्त माझा सुटा घेतलेला आणि धाकट्या भावाचा ऑपरेटरच्या हप्त्यावर, प्लॅनसकट. माझ्यावर नवीन व्हर्जन येऊन महिना झाला तरी त्याचा फोन जुन्यावरच. रोज रात्री अपडेटचं बटण दाबायचा, गोल फिरायचं आणि मग तेच, तुमचं सॉफ्टवेअर अप टू डेट आहे. म्हणे दादा हा खोटं बोलतोय. खोटं नाही बोलत रे, त्या वाक्याचा अर्थ एवढाच की तुझ्या फोनच्या कोडसाठी (हा कोड काय ते पुढे येईलच) सर्व्हरवर अजून कुणी काही ठेवलेलं नाही. म्हणून दाबत बसण्यापेक्षा ते कुणी ठेवलं नाहीये हे बघायचं, ते बघायला पाच मिनिटं लागतात.

आधी थोडं मागचं सांगतो नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. अँड्रॉइडचं नवीन व्हर्जन गूगल काढतं, मग क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारखी चिपवाली कंपनी त्याला आपले ड्रायव्हर जोडून देते, मग फोनवाली कंपनी त्यावर आपला साज चढवते, आणि फोन ऑपरेटरच्या नावाने विकलेला असेल तर ते सगळं ऑपरेटरच्या लॅबमध्ये टेस्टिंगला जातं. तिथे बघतात काय, तर व्होएलटीई, म्हणजे ४जीवरून जाणारा कॉल लागतो का, वायफाय कॉलिंगवरून टॉवरवर येताना कॉल तुटतो का, इमर्जन्सी नंबर लागतो का. ऑपरेटरला शिव्या घालायला मलाही आवडतं पण हे टेस्टिंग अगदीच फालतू नसतं कारण मोठ्या अपडेटमध्ये बऱ्याचदा मोडेमचं, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या चिपचं फर्मवेअर, तिच्या आतलं सॉफ्टवेअरपण बदलतं आणि ते गंडलं तर लोक फोन कंपनीला नाही, सिमवाल्याला धरतात. आता त्याच फेरीत त्यांची ती तीन-चार ॲप्सपण आत घुसतात, जी कुणी मागितलेली नसतात आणि काढता येत नाहीत, तो भाग वेगळा. आणि टेस्टिंगमध्ये काही सापडलं की बिल्ड, म्हणजे ते तयार केलेलं सॉफ्टवेअर, परत फोन कंपनीकडे, तिथून दुरुस्त होऊन पुन्हा लॅबमध्ये, अशा दोन फेऱ्या झाल्या तरी महिना जातो.

आयफोनवाल्यांचं इथे जवळपास सुटलं. ॲपलने २००७ च्या पहिल्या आयफोनपासून अपडेट स्वतःच्या हातात ठेवलं, त्यामुळे सिम कुठलंही असो, अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी. ऑपरेटरची म्हणून एक छोटी फाईल वेगळी येते, कॅरिअर सेटिंग्ज म्हणतात तिला. सेटिंग्ज, जनरल, अबाऊट उघडून नुसतं थांबायचं, नवीन असेल तर अर्ध्या मिनिटात आपोआप विचारतं. नवीन सिम टाकल्यावर वायफाय कॉलिंग दिसत नसेल तर आधी हे बघा. तिथेच खाली कॅरिअर लॉक असंही दिसतं, नो सिम रिस्ट्रिक्शन्स असेल तर फोन मोकळा.

आता अँड्रॉइड. पहिलं काम, अबाऊट फोनमध्ये जाऊन पूर्ण मॉडेल नंबर बघा, नुसतं नाव नाही. अमेरिकेतल्या सॅमसंगवर शेवटी नुसता यू असेल तर तो ऑपरेटरचा, यू१ असेल तर अनलॉक्ड, म्हणजे सुटा, आणि बी असेल तर तो बाहेरच्या बाजारातला. फोन वरून तोच दिसला तरी अपडेटच्या रांगा वेगळ्या.

मग सॉफ्टवेअर इन्फर्मेशनमध्ये सर्व्हिस प्रोव्हायडर सॉफ्टवेअर व्हर्जन अशी ओळ असते, तिच्यात तीन-तीन अक्षरांचे कोड दिसतील, याला सीएससी म्हणतात. पहिला कोड आत्ता चालू असलेला. अमेरिकेत एक्सएए म्हणजे अनलॉक्ड, व्हीझेडडब्ल्यू म्हणजे व्हेरायझन, टीएमबी म्हणजे टी-मोबाइल, असे. भावाच्या फोनवर इथेच पकडलं, माझा कोड वेगळा, त्याचा ऑपरेटरचा. अनलॉक्ड फोन घेऊनसुद्धा गंमत होऊ शकते बरं का, काही मॉडेलमध्ये ऑपरेटरचं सिम टाकलं की कोड बदलतो आणि मग अपडेटही त्यांच्याच रांगेतून येतं, लोक म्हणतात मी तर सुटा घेतला होता!

बिल्ड नंबरपण वाचायला शिका. सॅमसंगच्या बिल्डची शेवटची तीन अक्षरं घ्या, त्यातलं पहिलं वर्ष, डब्ल्यू म्हणजे २०२३, एक्स म्हणजे २०२४, वाय म्हणजे २०२५. दुसरं महिना, ए म्हणजे जानेवारी, के म्हणजे नोव्हेंबर. म्हणजे शेवटी डब्ल्यूके५ असेल तर नोव्हेंबर २०२३ चा बिल्ड. आणि शेवटून पाचवी जागा लक्षात ठेवा, तिच्यावरून माझी जी फजिती झाली ती खाली सांगतो.

दुसरी गोष्ट जी बहुतेक जण गोंधळतात, अपडेट एक नसतं, तीन असतात. अँड्रॉइड व्हर्जन वेगळं, सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्तीची तारीख वेगळी आणि गूगल प्ले सिस्टीम अपडेट वेगळं. सिक्युरिटी पॅच दर महिन्याला यायला लागले ते २०१५ मध्ये, स्टेजफ्राइट नावाची भोकं सापडली, नुसत्या एका व्हिडिओ मेसेजवरून फोन ताब्यात घेता येत होता, त्यानंतर. आणि प्ले सिस्टीम अपडेट हे अँड्रॉइड १० पासून, २०१९ मध्ये आलं, त्यात सिस्टीमचे काही तुकडे गूगल थेट बदलतं, मध्ये ना फोन कंपनी ना ऑपरेटर. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी शोधा, तिथे सापडतं, दाबा, रिस्टार्ट करा. व्हर्जन अडकलेलं असताना निदान एवढं तरी हातात आहे आणि कित्येकांनी ते कधी उघडलेलंच नसतं.

मग नक्की कुणी अडवलंय ते असं काढायचं. तुमच्याच मॉडेलच्या अनलॉक्ड फोनला आलंय आणि तुम्हाला नाही, तर ऑपरेटर. अनलॉक्डलापण नाही पण त्याच कंपनीच्या महागड्या फोनला आलंय, तर फोन कंपनीच्या रांगेत तुमचा नंबर मागे आहे, ऑपरेटरला फोन करून उपयोग शून्य. त्याच कोडच्या काहींना आलं, काहींना नाही, तर ते टप्प्याटप्प्याने सोडतायत, आधी थोड्या फोनना, बोंबाबोंब झाली नाही तर पुढच्यांना, तिथे गप बसायचं. आणि फोनचा सपोर्टच संपला असेल तर कुणीच अडवलेलं नाही, मिळणारच नाहीये.

वाट बघायची नसेल तर सरळ मार्ग आधी. जागा रिकामी करा, वायफायवर या, चार्जर लावा, मग केबलने कॉम्प्युटरला जोडून बघा, सॅमसंगला स्मार्ट स्विच, आयफोनला मॅकवर फाइंडर. फोनमध्ये जागा कमी म्हणून डाउनलोड अर्ध्यात मरत असेल तर केबलने बहुतेक वेळा होऊन जातं. पिक्सेलवाल्यांना, म्हणजे गूगलचाच फोन असलेल्यांना, गूगल पूर्ण ओटीए, म्हणजे अपडेटची फाईल उघड देतं, यादीत काही बिल्डसमोर ऑपरेटरचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचूनच उचला.

आणि गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्कचा डेटा क्लिअर करा मग अपडेट लगेच येतं, हा जो सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय तो अजिबात ऐकू नका. त्याने फोनची गूगलकडची ओळखच बदलते, ॲप्सची नोटिफिकेशन्स यायची बंद होतात, खुद्द अँड्रॉइडच्या इंजिनिअरने २०१३ मध्ये हे करू नका म्हणून सांगितलं होतं.

आता माझी फजिती. जुना एक ऑपरेटरचा फोन होता, अपडेटला उशीर म्हणून मी अनलॉक्डवालं फर्मवेअर केबलने चढवलं. चढलं, नवीन व्हर्जन दिसलं, मी खूश. संध्याकाळी कॉल आला आणि नेट बंद! वर ४जी होतं तिथे कॉल लागला की ई, म्हणजे जुनं २जी यायचं, व्होएलटीई गायब, वायफाय कॉलिंगचं बटणच नाही, कारण त्या ऑपरेटरच्या सेटिंग्ज या फर्मवेअरमध्ये नव्हत्याच. परत जुनं टाकायला गेलो तर स्क्रीनवर लाल अक्षरात एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल, डिव्हाइस ५, बायनरी ४. तो ५ म्हणजेच शेवटून पाचवा आकडा, बूटलोडरची, म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची पायरी, ती एकदा चढली की खाली उतरता येत नाही. ऑपरेटरच्या फर्मवेअरमध्ये तेव्हा ४ च होता. म्हणजे ज्या अपडेटची वाट बघायची नव्हती म्हणून हा उद्योग केला, त्याच अपडेटची वाट बघत पाच आठवडे बसलो, कॉलवर असताना नेट नसलेला फोन घेऊन. चढवायचंच असेल तर दोन्हीकडचा तो आकडा आधी जुळवून बघा, आणि डेटाचा बॅकअप तर घ्याच.

नियम-वचनांवर फार विसंबू नका. २०११ मध्ये गूगलने फोन कंपन्या आणि ऑपरेटर एकत्र आणून १८ महिने अपडेट द्यायचं जाहीर केलं होतं, ते नंतर कुठे विरलं कळलंही नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, ऑपरेटरना आणि एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने आठ फोन कंपन्यांना पॅचला उशीर का होतो ते विचारलं. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये ट्रेबल नावाची नवी रचना आली, तिने चिपवाल्यांचा भाग वेगळा काढला आणि फोन कंपन्यांचं काम हलकं झालं, पण ऑपरेटरची लॅब जिथे होती तिथेच आहे. त्यामुळे पुढचा फोन घेताना दोनच गोष्टी बघा, किती वर्षं अपडेट देणार ते लेखी आहे का, पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून ७ वर्षं म्हणतात, आणि फोन ऑपरेटरच्या नावाचा आहे का सुटा.

भावाचे हप्ते अजून आठ बाकी आहेत. त्याला प्ले सिस्टीम अपडेट तेवढं करून दिलं आणि ते रोजचं बटण दाबणं बंद करायला सांगितलं. काल रात्री परत दाबत होता.